जखमेवरचा पाला

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काहीतरी झाशीचे’ लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांच्या मनात काय असावे हे मी ओळखले. झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते. पाठीशी मूल, हाती तलवार, खाली घोडा. त्या मूर्तीला माझा साष्टांग नमस्कार आहे. तिच्या नगरीत माझे बालपण गेले, तिचे लग्न जेथे लागले त्या गणेशमंदिरात चतुर्थीला आजीचे बोट धरून मी गेलो आहे. परंतु तिच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्याहून अधिकारी आहेत. मला लिहावयाचे आहे ते किल्ल्याच्या वाटेवर, तटाच्या भेगांत आणि आमच्या परसात उगवणाऱ्या एका क्षुद्र तणाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने, जखमेवर पाला बांधणाऱ्या आपल्या आजीपणज्यांचे म्हणणे खरे की खोटे हे कोणी, केव्हा आणि कसे तपासले त्याविषयी.

त्या तणाला आमच्या घरात ‘दगडी पाला’ म्हणत. महाराष्ट्रात त्याला कोठे एकदांडी, कोठे कंबरमोडी म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. जमिनीसरशी पसरणारे, खरखरीत पानांचे, लांब देठावर एकच पांढरे-पिवळे फूल धरणारे हे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे, पण त्याच्याकडे पाहिले आहे असे आपल्याला वाटत नाही. गुडघा फुटला की आजी चार पाने खुडी, तळहातावर चुरडी आणि रस जखमेत पिळी. झोंबे, मग रक्त थांबे. आमचे निम्मे गुडघे त्या पाल्याने बरे झाले आहेत.

आणि त्याच पाल्याच्या आठवणीला आमच्या घरात एक काळी बाजू आहे. १९५२ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या काकांच्या पायात गोठ्यातला गंजका खिळा शिरला. काका तेव्हा सतरा वर्षांचे होते. आजीने पाला आणला, परसातल्या उघड्या दगडावर वाटला, पोटीस बांधले. आठवड्याने काकांचा जबडा आखडला. धनुर्वात. इस्पितळात नेले, पण वेळ गेलेली होती. आजी त्यानंतर तीस वर्षे जगली. तिने पाला वापरणे सोडले नाही, परंतु वाटण्यापूर्वी पाटा-वरवंटा उकळत्या पाण्याने धुतल्यावाचून तिने पान ठेचले नाही. धनुर्वाताचे बीज माती-शेणात असते आणि साध्या उकळीने ते मरतेच असे नाही, हे मी पुढे महाविद्यालयात शिकलो. आजीला ते मी सांगितले नाही.

पाला दोषी, दगड दोषी, की नुसता खिळा? एका मुलाच्या एका जखमेवरून हे ठरविता येत नाही. काकांच्या मृत्यूने पाला वाईट ठरत नाही, तसाच आमच्या बऱ्या झालेल्या गुडघ्यांनी तो चांगलाही ठरत नाही. कारण लहान मुलांचे गुडघे पाल्यावाचूनही बरे होतातच. हा पेच मला आयुष्यभर पुरला.

आता थोडे मागे जाऊ. छत्रसालाने बाजीराव पेशव्यास बुंदेलखंडात वाटा दिला, त्यातून मराठी माणूस बेतवेच्या काठी आला. १७४२ साली नारोशंकर झाशीस आला. ज्याची घंटा नाशिकच्या गोदाकाठी आजही प्रसिद्ध आहे तोच हा नारोशंकर. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेल्या किल्ल्यास त्याने शंकरगडाची जोड दिली आणि खाली शहर वसविले. पुढे नेवाळकरांकडे सुभेदारी आली. त्यांतील रघुनाथ हरी नेवाळकर ह्या पुरुषाची आपल्याला फारशी ओळख नाही, ती असावयास हवी. १७९२ साली मेजर पामर ह्यांच्या वकिलातीबरोबर आग्र्याहून उज्जैनकडे जाणारा विल्यम हंटर नावाचा इंग्रज डॉक्टर झाशीवरून गेला. त्याचा प्रवासवृत्तान्त पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. त्यात ह्या मराठी सुभेदाराच्या पाश्चात्त्य विद्यांच्या आवडीची नोंद आहे आणि त्याच्याजवळ एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची दुसरी आवृत्ती होती असेही आहे. पुण्यात सवाई माधवरावाची कारकीर्द चालू आहे, आणि बुंदेलखंडाच्या एका टेकडीवर कोकणातून आलेला एक ब्राह्मण इंग्रजी विश्वकोश बाळगून आहे! झाशीच्या वाड्यात पुढे जो प्रसिद्ध ग्रंथसंग्रह झाला, त्याचे मूळ अशा माणसांत आहे. १८५८ च्या एप्रिलात शहर पडले तेव्हा त्या संग्रहाची जी वाताहत झाली ती वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांनी डोळ्यांनी पाहिली. १८८३ साली त्यांनी आपला ‘माझा प्रवास’ लिहून काढला आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो छापून प्रसिद्ध केला, म्हणून आपल्याला ते कळले.

हंटर झाशीवरून गेला त्याच सुमारास पुण्याजवळ जखमेच्या शास्त्रातील एक घटना घडत होती. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतील एक बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला होता. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो जातीने विटा भाजणारा होता, त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, ह्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली. त्या आधारे कार्प्यू ह्या लंडनच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात नाकाची शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली. हे आपण शाळेत ऐकले आहे. जे सहसा सांगितले जात नाही ते असे, की त्या वृत्तान्तात मलमपट्टीही दिलेली आहे. सांधा धरून ठेवण्यासाठी कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसविल्या. चार दिवस दुसरे काही नाही. मग त्या काढून तुपात भिजविलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी असलेला कातडीचा दुवा तोडला.

हा कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा काढा आटवून केलेला, आपण विड्याला लावतो तोच. खैर हे बुंदेलखंडाच्या रानातील अगदी घरचे झाड. झाशीहून ललितपूरकडे जाताना पळस, धावडा आणि खैर हेच दोहो बाजूंना दिसतात. कातातील तुरट द्रव्ये उघड्या मांसावरील प्रथिने गोठवतात, वर एक पातळ कवच धरते आणि स्राव कमी होतो. लिस्टरने जखमेतील जंतूंविरुद्ध कार्बोलिक आम्ल वापरून त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला १८६७ साली, म्हणजे पुण्याच्या नाकानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी. झाशीला वेढा घालणाऱ्या ह्यू रोजच्या फौजेत थॉमस लो आणि सिल्व्हेस्टर हे लष्करी डॉक्टर होते. दोघांनीही त्या मोहिमेवर पुस्तके लिहिली आहेत. त्यांच्या पेटीत क्लोरोफॉर्म असू शकत होते, कारण ते १८४७ पासून वापरात होते. परंतु जखम का सडते हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तटाच्या आतले जखमी आणि तटाबाहेरचे जखमी ह्यांच्यामध्ये त्या बाबतीत फारसे अंतर नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे.

कात आणि तूप ही पद्धत त्या विटकऱ्याने कोठून घेतली? त्याच्या बापाकडून, हेच उत्तर. परंतु तिच्या पाठीमागे सुश्रुताचा फार जुना विचार उभा आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. लेप, शेक, शिवणे, बांधणे, धुणे, धुरी देणे, कल्क, काढा, तेल, तूप, चूर्ण अशी ती लांबलचक यादी आहे. व्रण शुद्ध झाला हे ओळखण्याच्या खुणाही त्याने दिल्या आहेत : जिभेच्या पृष्ठासारखा रंग, मऊपणा, स्राव नाही, वेदना नाही. आजचा शस्त्रवैद्य निरोगी मांसांकुर ओळखतो ते ह्याहून फार निराळे नाही. जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ ह्यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस, आळस न करता द्यावी, असे सूत्रस्थानात आहे. सुश्रुताला तेथे भय आहे ते राक्षसांचे. धूर मात्र कडुनिंबाचाच आहे.

सुश्रुताच्या दोन वचनांचा आपल्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. एक असे, की औषधी ओळखावयाच्या तर गुराख्यांना, तापसांना, व्याधांना आणि रानात हिंडणाऱ्या, मुळे खणणाऱ्या लोकांना विचारावे. वैद्याने पोथीतून नव्हे, तर गुराख्याकडून शिकावे असे हा आचार्य म्हणतो! ललितपूरच्या रानातील सहरिया लोकांकडे वही घेऊन जाणारे आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेमके हेच करतात. दुसरे वचन अडचणीचे आहे. ज्या औषधींचे गुण प्रत्यक्ष दिसतात आणि प्रसिद्ध आहेत, त्यांची परीक्षा शहाण्याने तर्काने करू नये, कारण हजार युक्तिवाद केले तरी तुरट, स्तंभक द्रव्य रेचक होणार नाही, असा त्याचा भाव आहे. आमच्याकडे येणारे एक वृद्ध वैद्य हे वचन प्रयोगशाळेच्या विरुद्ध ढालीसारखे पुढे करीत. मला त्यांचा अर्थ कधीच पटला नाही. सुश्रुत नाकारतो तो कोरडा तर्क. प्रत्यक्ष तो नाकारीत नाही, उलट त्यालाच वर बसवितो. आणि पिंजऱ्यातल्या उंदराच्या पाठीवरची जखम मोजणे हे प्रत्यक्षच नव्हे काय?

ती कशी मोजतात हे थोडे सांगतो, कारण ‘प्रयोगाने सिद्ध झाले’ हे शब्द आपण वर्तमानपत्रात फार सहज वाचून जातो. उंदराला भूल देऊन पाठीवरची केसाळ जागा साफ करतात. एका पद्धतीत कातडीचा ठराविक मापाचा, बहुधा पाचशे चौरस मिलिमीटरचा, तुकडा कापून काढतात आणि जखम उघडी ठेवतात. ही छेदजखम. दर काही दिवसांनी तिच्यावर पारदर्शक कागद धरून कड रेखून घ्यावयाची आणि आलेख-कागदावर क्षेत्रफळ मोजावयाचे. किती दिवसांत आकुंचन पावली आणि कितव्या दिवशी खपली पडून खाली नवी त्वचा दिसली, हे दोन आकडे मिळतात. दुसऱ्या पद्धतीत पाठीच्या कण्याच्या बाजूला सरळ चीर देतात आणि ती शिवतात. काही दिवसांनी टाके काढावयाचे आणि दहाव्या दिवशी चिरेची एक बाजू घट्ट धरून दुसऱ्या बाजूला भार लावावयाचा. एका बाटलीत पाण्याची धार सोडतात. पाणी वाढत जाते, भार वाढत जातो आणि सांधा उलू लागला की धार थांबवितात. बाटलीतले पाणी तोलले की जखमेच्या सांध्याची ताकद कळली. मला ही युक्ती फार आवडते. तिसऱ्या पद्धतीत कातडीखाली एक लहानशी पोकळी करून तेथे जमणारे नवे मांस नंतर काढतात, वाळवितात, तोलतात आणि त्यातील हायड्रॉक्सिप्रोलीन मोजतात. ज्या कोलॅजनच्या धाग्यांनी जखम विणली जाते त्याची ही खूण.

परंतु खरी युक्ती मोजण्यात नाही, जोडीला काय ठेवले त्यात आहे. एका गटाला पाल्याचे मलम, दुसऱ्याला नुसते मलम ज्यात पाला नाही, तिसऱ्याला इस्पितळात चालणारे पोव्हिडोन-आयोडीनसारखे औषध. जखमा सारख्या, पिंजरे सारखे, अन्न सारखे. आमच्या परसात हा दुसरा गट कधी नव्हताच. आजीच्या हाताखालून गेलेल्या शंभर गुडघ्यांपैकी पन्नास तिने मुद्दाम बिनपाल्याचे ठेवले असते तर तिला घरात कोणी राहू दिले नसते. ज्याला आपण अनुभव म्हणतो त्याला ही एक जागा नेहमी रिकामी असते. प्राण्यांना द्याव्या लागणाऱ्या वेदनेचा प्रश्न आहेच. १९६० चा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा आणि त्याखाली १९९८ साली झालेले प्रयोगांविषयीचे नियम ह्यांमुळे आता समितीच्या परवानगीवाचून उंदराला हात लावता येत नाही. आणि आणखी एक गोष्ट : उंदराची कातडी सैल असते, तिची जखम बरीचशी आकुंचनाने मिटते, माणसाची जखम त्या मानाने नवे मांस आणि नवी त्वचा धरून भरते. उंदरावर जे उतरले ते माणसावर उतरेलच असे नाही. ही ताकीद अशा शोधनिबंधांत पुष्कळदा शेवटच्या ओळीत असते आणि जाहिरातीत मुळीच नसते.

आता हळदीकडे वळू. पाल्याला एकवेळ आपण विसरू, पण हळदीचा डबा परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीच्या पेटीत असतोच. कापले की हळद दाबावयाची, हे कोणी कोणाला शिकवीत नाही. ह्या हळदीची परीक्षा झाशीपासून फार दूर झाली नाही. लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातील गुजराल, चौधरी आणि सक्सेना ह्यांनी १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात देशी औषधांचा जखमा व व्रण भरण्यावर काय परिणाम होतो ह्यावर निबंध छापला. त्यांत हळद होती. काका गेल्याच्या पुढच्याच वर्षी, आमच्याच प्रांताच्या राजधानीत, कोणीतरी आजीचा प्रश्न पिंजऱ्यापुढे मांडीत होते. आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. त्या निबंधाचा पत्ता चाळीस वर्षे बहुतेक कोणालाच नव्हता.

मग २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने क्रमांक ५४०१५०४ चे पेटंट दिले : जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग. पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे होते आणि शोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती ते दोघे भारतीय वंशाचेच होते. ह्या गोष्टीवर आपल्याकडे त्यांना फार शिव्या बसल्या. मला त्यांचा तेवढा राग येत नाही. आईच्या हळदीची आठवण परदेशच्या प्रयोगशाळेत नेली, हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा असेल तर ती आठवण ‘नवी’ म्हणून नोंदविण्यात. आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांनी तरी ही रेघ नीट ओळखावी. आजीची गोष्ट सांगावी, आणि ती आजीची म्हणूनच सांगावी.

दिल्लीत तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेलचा जन्म, गिरगावात बालपण, विधवा आईने काबाडकष्ट करून शिकविलेला हा मुलगा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून ते नुकतेच दिल्लीस गेले होते. त्यांच्या परिषदेने १९९६ च्या ऑक्टोबरात पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. हळदीने जखम भरते हे सांगून भागणार नव्हते. ते आधीपासून लिहिलेले आहे हे दाखवावे लागणार होते. ‘आमच्या घराघरांत माहीत आहे’ हा पुरावा अमेरिकेच्या कार्यालयात चालत नाही, छापील कागद चालतो. परिषदेने बत्तीस संदर्भ गोळा केले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील ते होते, काही शंभर वर्षांहून जुने होते आणि त्यांत तो १९५३ चा विसरलेला निबंध होता. १९९७ च्या ऑगस्टात पेटंट कार्यालयाने दावा फेटाळला. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावरचे अमेरिकन पेटंट रद्द होण्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण. त्यातूनच पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले, ज्यात जुन्या ग्रंथांतील पाठ परदेशी तपासनिसांना वाचता येतील अशा भाषांत घातले आहेत.

येथे मला शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांची आठवण होते. १९०७ साली नाशिकास आयुर्वेद संमेलनाचा पाया घालणारे हे वैद्य, त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा जाडजूड मराठी ग्रंथ आपल्यापैकी अनेकांच्या घरी पंचांगाशेजारी असे. आमच्या झाशीच्या घरीही होता, पाठीचा पुठ्ठा गेलेला. आजी तो वाचीत नसे. आजोबा मोठ्याने वाचीत आणि आजी ‘हे चुकीचे आहे’ असे सांगे. परंतु ‘लिहिलेले’ आणि ‘घराघरांत माहीत असलेले’ ह्यांच्यामधील दरी बुजविणारे जे थोडे लोक आपल्यात झाले त्यांत पदेशास्त्री अग्रगण्य होत.

आता माझ्या तणाकडे परत येतो. दगडी पाल्याची परीक्षाही झाली आहे. १९८२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये दिवाण, टिल्लू आणि कुलकर्णी ह्या तिघांनी ह्या झाडाचा जखम भरण्यावरील परिणाम छापला. नावे वाचून मला वाटले, ह्यांच्या आज्यांनीही तो पाला लावलेला असणार! पुढे १९८३ साली, स्टिरॉइड औषधे घेणाऱ्याची जखम मंदावते त्यावर हा पाला काय करतो हे पाहिले गेले, आणि १९९१ साली ‘प्लांटा मेडिका’ ह्या नियतकालिकात लायसिल ऑक्सिडेज नावाच्या विकरावर त्याचा प्रभाव मोजला गेला. कोलॅजनचे सुटे धागे एकमेकांस आडवे बांधून सांधा बळकट करण्याचे काम हे विकर करते. मांडामांडी करून सांगावयाचे तर उंदराच्या जखमेत पाल्याच्या अर्काने काही गोष्टी लवकर होतात, काही होत नाहीत, आणि माणसांवरची मोठी, नीट आखलेली चाचणी ह्या सर्वांची जागा घेईल इतकी झालेली नाही. आजीचे म्हणणे निराधार नव्हते. सिद्धही झालेले नाही.

आणि ह्या सर्वांत मला सर्वांत चकित करणारी गोष्ट अशी, की हा पाला आपला नव्हेच. ट्रायडॅक्स हे मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे झाड आहे. मिरची, बटाटा, पेरू ह्यांच्याप्रमाणे ते समुद्रापलीकडून आले आणि तण होऊन देशभर पसरले. सुश्रुताने ते पाहिलेले नाही. नारोशंकर झाशीस आला तेव्हा ते तटाच्या भेगांत होते असेही म्हणवत नाही. म्हणजे ज्याला आम्ही ‘पूर्वापार’ म्हणत आलो ते ज्ञान कोण्या अनाम गुराख्याने, कोण्या बाईने, एका परक्या पाल्याची परीक्षा करूनच मिळविले असले पाहिजे. दुसरे पान हाताशी नव्हते, हे लावून पाहिले, रक्त थांबले, शेजारणीला सांगितले. परंपरा म्हणून जी आपण पेटीत घालून नेतो तिच्यात अशी किती नवी पाने मिसळलेली असतील!

माणसांवरची मोठी चाचणी म्हणजे काय, ह्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि तेही महाराष्ट्राबाहेर गेलेल्या एका मराठी माणसाच्या हातचे. काशी हिंदू विश्वविद्यालयातील शल्यशास्त्रज्ञ डॉ. पी. जे. देशपांडे ह्यांनी भगंदरावरील क्षारसूत्राची जुनी पद्धत पुन्हा उभी केली. सूत तेच, त्यावर निवडुंगाच्या चिकाची अकरा पुटे, मग चीक आणि आघाड्याचा क्षार ह्यांची सात, मग चीक आणि हळद ह्यांची तीन, अशी एकवीस पुटे चढवून ते वाळवितात आणि भगंदराच्या वाटेत ओवून बांधतात. सूत हळूहळू कापत जाते आणि मागून जखम भरत येते. हळद येथेही आहेच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ह्याची अनेक केंद्रांत, चिठ्ठ्या टाकून रोगी वाटून चाचणी घेतली आणि १९९१ साली निष्कर्ष छापले. एकंदर ५०२ रोगी होते. शस्त्रक्रियेने जखम सुमारे चार आठवड्यांत भरली, क्षारसूत्राने आठ; म्हणजे वेळेच्या बाबतीत आयुर्वेद हरला. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११, क्षारसूत्रानंतर शेकडा ४ निघाले. दोन्ही आकडे छापले गेले, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते.

झाशीत आज ह्या कामाची जागा आहे. ग्वाल्हेर रस्त्यावर केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेची संस्था आहे. अनेक वर्षे तिचे नाव ‘राष्ट्रीय वृक्षायुर्वेद संशोधन संस्था’ असे होते. औषधी झाडे लावणे, त्यांचे नमुने वाळवून ठेवणे, कच्च्या औषधींचा संग्रह करणे हे तिचे काम. १९७५ साली स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठातही औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी अशा वनस्पतींच्या चाचण्या करतात. वैद्यनाथांचा कारखाना झाशीत आहे हे तर आपण आसवाच्या बाटलीवरच वाचले असेल. बाहेरच्या माणसाला नमुने वाळवून चिकटविण्याचे काम कंटाळवाणे वाटेल. परंतु ब्राह्मी म्हणून एकजण बॅकोपा देतो आणि दुसरा मंडूकपर्णी. दोन्ही झाडे निराळी, त्यांतील द्रव्ये निराळी, आणि जखमेवर परीक्षा झाली आहे ती प्रामुख्याने दुसरीची. ज्या झाडाचा अर्क काढला त्याची फांदी वाळवून, तारीख, गाव आणि नाव लिहून कपाटात ठेवली नसेल, तर पन्नास वर्षांनंतर त्या प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. एखाद्या मंडळाने पन्नास वर्षांची इतिवृत्ते जपून ठेवावी, त्यातलाच हा प्रकार.

मागच्या खेपेस झाशीस गेलो तेव्हा आमचे जुने घर पडलेले होते. खंडेराव दरवाज्याच्या बाजूने चालत किल्ल्याकडे निघालो. नात बरोबर होती. ती परदेशात वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. वाटेवर ती घसरून पडली आणि कोपर खरचटले. तटाच्या कडेला दगडी पाला फुलांनी भरलेला होता. माझा हात सवयीने खाली गेला. मग मी बाटलीतल्या पाण्याने कोपर धुतले, तिच्या आईने पिशवीतून काढून दिलेले मलम लावले, आणि धनुर्वाताची लस केव्हा टोचली होती ते विचारून घेतले. नंतर एक पान खुडून तिच्या हातावर ठेवले आणि त्याचे नाव सांगितले. तिने ते वहीत ठेवले. खाली तारीख आणि गाव लिहावयास मी तिला सांगितले.